वजाबाकीतला कोयता

प्रति,
मा. मुख्यमंत्री आणि ऊस गाळप हंगामाचे धोरण ठरवणाऱ्या मंत्री समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य.



२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या खात्यात एवढे पैसे सहसा जमा होत नाहीत, कारण बिलात मध्येच एक ओळ येते: वजा तोडणी-वाहतूक खर्च. ज्यांच्या हाताशिवाय एक टिपरूही गव्हाणीत पडत नाही, त्यांचा राज्याच्या ऊस-अर्थकारणातला अधिकृत पत्ता ही ओळ आहे. एरवी शासकीय कागदांत ते भेटतात 'मजूरटंचाई' या सदराखाली, म्हणजे कमी पडले तर.

हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे.

एफआरपीचा कायदा ज्याच्यासाठी केला, त्या माणसाची त्यात चोख काळजी घेतलेली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. तरीही कारखाना दाद देत नसेल तर साखर आयुक्त महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढतात, जिल्हाधिकारी साखर जप्त करून विकू शकतात, आणि पुढच्या हंगामाचा गाळप परवाना अडवता येतो. हे कुणी आयते दिलेले नाही. शरद जोशींपासून राजू शेट्टींपर्यंत शेतकऱ्यांच्या चळवळींनी रस्त्यावर उतरून, लाठ्या खाऊन ते मिळवले आहे. शेतकऱ्याचा हक्क नुसता भाषणात राहिला नाही, त्याला मुदत आहे, व्याज आहे, जबाबदार अधिकारी आहे आणि मोडला तर शिक्षा आहे.

त्याच उसाच्या त्याच फडात उभ्या असलेल्या तोडणी कामगाराला यातले काहीच लागू नाही.

बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले पाथर्डी, आणि जालना, परभणी, धाराशिवचे कोरडवाहू तालुके. दसरा झाला की इथली गावे रिकामी होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या, लहान पोरे आणि वर बसलेली माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडे निघतात, तर काही थेट बेळगावकडे कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. किती माणसे जातात? आठ लाखांपासून बारा-तेरा लाखांपर्यंत आकडे सांगितले जातात, आणि हे सगळे अंदाज आहेत. कोणत्या कारखान्याने किती टन गाळप केले आणि उतारा किती पडला, हे साखर आयुक्तालय दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत सांगते. तोडणाऱ्यांच्या बाबतीत चार-पाच लाखांचा फरक चालून जातो.

मोजणीचे एकक हे त्याचे एक कारण आहे. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता'. जोडीदाराविना आलेला एकटा म्हणजे 'अर्धा कोयता'. हिशोब कोयत्याचा, उचल कोयत्याला, आणि कोयत्याचे नाव नवऱ्याचे. बाई पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, फडात ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन वाहनात चढवते, रात्री उशिरा ट्रक आला तर पुन्हा उठते. मजुरीच्या कोणत्याही कागदावर तिचे नाव नसते. स्त्री-सक्षमीकरणाच्या इतक्या योजना राबवणाऱ्या राज्यात लाखो बायका निम्मे अवजार म्हणून नोंदल्या जातात, याचे आपल्याला कधी नवल वाटले असेल तर ते निदान एखाद्या शासन निर्णयात तरी दिसायला हवे होते.

पैशाचा हिशोब फार मोठा नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने, करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला २७३ रुपयांच्या आसपास होता, तो ३६६ झाला. टोळी आणणाऱ्या मुकादमाचे कमिशन २० टक्के झाले. संपाच्या इशाऱ्याशिवाय ही वाढ मिळाली नसती, आणि ती मोठी आहे हे मान्यच करायला हवे. पण दोघांनी मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दिवसाचे होतात ७३२ रुपये. माणशी ३६६, आणि दिवस बारा-चौदा तासांचा. हे पैसेही रोज हातात येत नाहीत, कारण पावसाळ्यातच घेतलेल्या उचलीत ते वळते होतात. एखादा दिवस आजारपणात गेला तर तो 'खाडा', त्याची रक्कम कापली जाते. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर उरलेला आकडा पुढच्या वर्षीच्या नावावर, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे.

ही व्यवस्था कायद्याच्या भाषेत काय आहे, हे सांगायला नव्या समितीची गरज नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ ने मनाई केलेली सक्तीची मजुरी आहे. पोटाच्या गरजेपोटी माणूस स्वतःहून कामाला आला, ही सबब त्या निकालाने निकाली काढली. त्याच्या कितीतरी आधी, १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता: बेकार माणसापुढे कामाचे तास ठरलेले नसलेली आणि संघटनेला बंदी असलेली नोकरी ठेवली, तर तो मूलभूत हक्क सोडून नोकरी घेणार, यात शंका नाही. म्हणून अर्थव्यवस्थेची रचनाच घटनेत बांधून टाकावी असा त्यांचा आग्रह होता. उचल घेऊन अंगठा देणाऱ्या कोयत्याचे वर्णन यापेक्षा नेमके कुणी केलेले नाही.

कागदोपत्री मात्र कारखान्याचा कामगारांशी संबंधच येत नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. या साखळीत फसवणूक दोन्ही बाजूंनी होते हेही खरे. उचल घेऊन टोळीच न आणणारे मुकादम आहेत, त्यापायी कर्जात बुडालेले ट्रॅक्टरमालक आहेत, आणि मग वसुलीसाठी मजुरांना डांबून ठेवल्याच्या बातम्या आहेत. ट्रॅक्टरमालकाची तक्रार खोटी नाही. पण जिथे लाखोंची देवघेव नोंदणीविना, तोंडी विश्वासावर आणि नोटरीच्या कागदावर चालते, तिथे दुसरे काय होणार? नफा ज्याच्या गव्हाणीत पडतो तो या कागदावर कुठेच नाही, म्हणून खालचे सगळे एकमेकांच्या गळ्याला हात घालतात.

आता बीडच्या गर्भाशयांबद्दल. हा विषय आरोग्य खात्याचा समजला जातो आणि तिथेच गफलत होते.

२०१९ च्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट अगदी सारखे नसतील, तरी हा फरक त्याने मिटण्याएवढा लहान नाही.

हे घडते कसे? फडाजवळ शौचालय नाही, पाणी पुरेसे नाही, पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. दुखते म्हणून थांबले तर खाडा. हंगाम संपल्यावर गावाकडच्या खासगी दवाखान्यात गेले, की पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल, ही भीती. तीन-चार बाळंतपणे तिशीच्या आतच उरकलेली असतात. मग पिशवी काढली तर निदान खाडे तरी वाचतील, हा हिशोब बाई स्वतःच करते. शस्त्रक्रियेचा खर्च भागतो पुढच्या हंगामाच्या उचलीतून. डॉक्टरांची लबाडी यात आहेच आणि तिला शिक्षा व्हायला हवी. पण त्या डॉक्टरच्या दारापर्यंत बाईला आणते ती मजुरीची पद्धत, जिच्यात एका दिवसाच्या विश्रांतीला दंड आहे. त्या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगले झाले. खाड्याला मात्र कुणी हात लावला नाही.

आणि मुलींचे काय? वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न दरवर्षी दिवाळीआधी घराघरांत येतो. लग्न लावले की एक नवा कोयताही तयार होतो. २०१९-२१ च्या पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते, राज्याच्या सरासरीच्या दुप्पट. एके काळी 'जनार्थ'सारख्या संस्थांनी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. मग हंगामी वसतिगृहे आली. २०२१ मध्ये शासनाने ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहे मंजूर केली, प्रत्येकी शंभर मुलामुलींची. पूर्ण भरली तरी होतात ८,२०० जागा. स्थलांतर करणाऱ्या माणसांचे आकडे वर दिलेच आहेत.

यावर आपल्या समितीत जे उत्तर मिळते तेही ठाऊक आहे: कारखाने अडचणीत आहेत. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि नंतर एफआरपी वाढत गेली, हे उत्तर पोकळ नाही. पण थोडे गणित करू. एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते. टनामागे २० रुपये जास्त खर्च झाले तर किलोमागे होतात २० पैसे. दहा कोटी टन गाळपाच्या वर्षी त्या २० रुपयांचे २०० कोटी होतात. फडावर फिरती शौचालये, पिण्याचे पाणी, पाळणाघर, विमा आणि आजारपणाची भरपगारी रजा यांची सुरुवात एवढ्यात करता येते. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असे धोरण आपल्याच शासनाने ठरवलेले आहे. ते म्हणजे हेच २० रुपये. पण महामंडळाची वर्गणी हा कल्याणाचा निधी झाला, म्हणजे देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचे नशीब. पगाराचा हिशोब आणि खाडा त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

पैसा नाही म्हणावे तर तो दुसरीकडे दिसतो. कारखान्यांच्या कर्जांना राज्याची थकहमी मिळते. इथेनॉलला केंद्राचे ठरलेले दर आणि ठरलेला ग्राहक आहे. ऊस तोडणी यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांत कमी असेल तेवढे अनुदान, अशी ९०० यंत्रांची योजना आपण २०२३ मध्ये आणली. यंत्रे यावीत, इतके कष्टाचे काम माणसाकडून सुटावे, हे चांगलेच. मात्र कोयत्याची जागा घेणाऱ्या यंत्राला ३५ लाख देताना, त्या जागेवरून उठणाऱ्या कुटुंबाचे पुढे काय, याचा एक परिच्छेदही त्या योजनेत नसावा, यावरून धोरणाची नजर कुठे लागली आहे ते कळते.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या उसातली उचल, बालविवाह आणि गर्भाशये यांवर मोठा वृत्तांत छापला, त्यात इथली साखर घेणाऱ्या कोका-कोला आणि पेप्सी यांची नावे आली. मग कंपन्यांचे लेखापरीक्षक, सल्लागार, आचारसंहिता यांची वर्दळ सुरू झाली. त्यातून काही फडांवर तंबू, पाणी पोचेल, पोचू द्यावे. तरी महाराष्ट्रातल्या बाईला पाळीत एक दिवस विश्रांती मिळावी की नाही, याचे उत्तर अटलांटातल्या कोका-कोलाच्या भागधारकांनी द्यावे, ही आपल्या समितीसाठी फारशी भूषणाची गोष्ट नाही.

विशेषतः महाराष्ट्रात. हक्क ठरवायचा आणि त्यासाठी पैशाची सोयही करायची, हे या राज्याने दोनदा तरी करून दाखवले आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज सिद्ध केली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून आजही वर्षाला अडीच हजार रुपये कापले जातात ते त्या करापोटी. तीही वजाबाकीच, फक्त तिच्यातून दुसऱ्या कुणाचा तरी कामाचा हक्क उभा राहिला होता. केंद्राने देशासाठी तसा कायदा केला तो २००५ मध्ये.

दुसरे उदाहरण उसाला जास्त जवळचे आहे. मुंबईच्या गोद्यांत, बाजारांत हमाल टोळीने काम करत, आणि मालक म्हणे, हे माझे कामगारच नाहीत. तोडणी कामगारांबद्दल आज जे म्हटले जाते तेच शब्द. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामागून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने एक साधी युक्ती केली. कोण कुणाचा नोकर, या वादात न शिरता मंडळ स्थापन केले. व्यापाऱ्यानेही तिथे नोंद करायची, हमालानेही. मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि मंडळाने पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार द्यायचे. टोळी राहिली, पण पैशावरची पकड टोळीवाल्याच्या हातून गेली. माथाडीच्या नावाखाली आज खंडणी वसूल करणाऱ्या टोळक्यांच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही पाठीवर पोते वाहून आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर निधी मिळाला, तो या कायद्याने. उसासाठी असे मंडळ हवे ही मागणी संघटना कितीतरी वर्षे करत आहेत, आणि दर वेळी तिच्या बदल्यात दरवाढ किंवा महामंडळ मिळाले आहे.

मंडळाचा कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते वापरायला विधानसभाही लागत नाही. १९८४ च्या आदेशाखाली साखर आयुक्त दरवर्षी प्रत्येक कारखान्याला गाळप परवाना देतात. थकीत एफआरपीवरून तो अडवण्याची पद्धत रुळलेली आहे. त्याच परवान्यात घालाव्या अशा अटी फार नाहीत. तोडणीसाठी येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची, म्हणजे नवरा आणि बायको यांची वेगवेगळी नोंद कारखान्याने करावी. मजुरी दर १४ दिवसांनी ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जावी, बाईची बाईच्या, आणि उशिराला शेतकऱ्याला मिळते तेच १५ टक्के व्याज मिळावे. खाड्याचा दंड बेकायदा ठरवावा. उचलीचा करार कारखान्याच्या शिक्क्यानिशी व्हावा, म्हणजे फसणाऱ्या ट्रॅक्टरमालकालाही दाद मागायला जागा मिळेल. मुक्कामाच्या जागी शौचालय, पाणी, वीज आहे की नाही याचा दाखला ग्रामपंचायत आणि आरोग्य अधिकारी यांनी द्यावा, कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याने नव्हे. बेळगावकडे जाणाऱ्यांसाठी कर्नाटक सरकारशी बोलावे लागेल. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा त्यांच्यासाठीच होता आणि त्याचा उपयोग त्यांना कधी झाला नाही.

या समितीत बसणाऱ्यांपैकी अनेकांचा स्वतःचा, नात्यातला किंवा पक्षातला कारखाना असतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हा सभासद शेतकरी हाच मालक असावा, हा त्यांचा आग्रह होता. तोडणाऱ्याला त्या सहकारात जागा ठेवली गेली नाही. तेव्हा ते सुचले नसेल असे म्हणता येईल. आज तसे म्हणता येणार नाही, कारण गोऱ्हे समितीचे आकडे सरकारनेच जमवलेले आहेत.

एक व्यावहारिक सूचना, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. गाळप हंगाम ठरवण्याची आपली बैठक सप्टेंबरच्या आसपास होते. उचलीचे व्यवहार मात्र शाळा उघडतात तेव्हापासूनच, जून-जुलैत सुरू झालेले असतात, वह्या-पुस्तके, बियाणे आणि मागचे औषधपाणी यांच्या खर्चापायी. सप्टेंबरात घातलेली कोणतीही अट त्या वर्षीच्या कोयत्याला लागू होत नाही, कारण त्याचा करार आधीच झालेला असतो. तेव्हा परवान्याच्या अटी मेअखेर जाहीर व्हाव्यात, कामगारांच्या नोंदणीचे नमुने जूनमध्ये बीड, जालना, पाथर्डीच्या तहसील कार्यालयांत पोचावेत, आणि समितीच्या त्या बैठकीत साखर संघाच्या प्रतिनिधीशेजारी ऊसतोड संघटनांच्या प्रतिनिधींना, त्यातही स्त्रियांना, बोलावले जावे. बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे.

कळावे.